मदत हवी आहे : रोममध्ये एक दिवस पायी फिरण्याचा क्रम कसा ठेवावा?

नमस्कार. आम्ही दोघे सेवानिवृत्त पतीपत्नी रोमला जाणार असून एक पूर्ण दिवस केवळ पायी फिरण्यासाठी राखून ठेवला आहे. कोलोसियम बाहेरून पाहून फोरमच्या (प्राचीन रोमच्या अवशेषांच्या) कडेने पियाझा (चौक) व्हेनेझिया, तेथून पँथिऑन व पियाझा नवोना, आणि परत वळून ट्रेव्ही कारंजे व स्पॅनिश पायऱ्या, असा क्रम मनात आहे.

नकाशावर अंतर फारसे वाटत नाही. चिंता आहे ती सौ.च्या गुडघ्यांची आणि तेथील काळ्या दगडांच्या फरसबंदीची, कारण ते लहान चौकोनी दगड जागोजागी वरखाली झालेले असतात आणि पाऊस पडला की निसरडे होतात. स्पॅनिश पायऱ्यांवर निवांत टेकण्याचा बेत होता, परंतु २०१९ पासून तेथे बसण्यास मनाई असून दंडही होतो, त्यामुळे तो सोडून द्यावा लागला. पाण्याची काळजी नाही. रस्तोरस्ती पिण्यायोग्य पाण्याचे नळ अखंड वाहत असतात.

नवोना मात्र वगळायचे नाही. तेथील, शिल्पकार बर्निनीच्या १६५१ मधील कारंज्यावरील चार नद्यांमध्ये आपली गंगाही आहे, तीही हाती वल्हे घेतलेल्या दाढीधारी पुरुषाच्या रूपात! (सौ.ना हे अजिबात मान्य नाही.)

ज्यांनी हा मार्ग ज्येष्ठांसोबत चालून पाहिला आहे, त्यांनी कृपया सांगावे : पँथिऑन ते ट्रेव्ही या टप्प्यात पैसे न मोजता बसता येईल अशी सावलीची जागा कोठे आहे? आणि गर्दी टाळण्यासाठी ट्रेव्ही पहाटेच उरकून हा क्रम उलटा करावा काय?