कामगाराच्या केसमध्ये वकिलानं टक्केवारी घेतली तर बिघडलं काय?

लेबरकोर्टवाला
कोल्हापुरात लेबरची प्रॅक्टिस करतो, कामगारांच्या बाजूनं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून काढलेली माणसं येतात. पगार बंद, पतसंस्थेचा हप्ता मात्र चालू. त्याच्याकडं फी मागायची कुठल्या तोंडानं? बार कौन्सिलचा २० क्रमांकाचा नियम सांगतो की निकालावर फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घ्यायचा नाही. म्हणजे कामगारानं आधी पैसे आणावेत, नाहीतर मी फुकट लढावं. मॅनेजमेंटचा वकील रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या नियमित फीवर असतो, तारीख पडली तरी त्याचं काही अडत नाही. आमचा माणूस दर तारखेला कुठंतरी मिळालेली रोजंदारी बुडवून येतो. माझं म्हणणं एवढंच, कामगार न्यायालयापुरती टक्केवारीला सूट द्या. वाटल्यास कमाल मर्यादा घाला.

एचआर कागल
वकीलसाहेब, मग प्रत्येक राजीनामा 'जबरदस्तीनं घेतला' ठरणार. कायद्याच्या संरक्षणासाठी वर्षात लागणारे कामाचे २४० दिवस भरले नसले तरी भरले म्हणून सांगायला वकीलच भागीदार! छोटा कारखानदार बाहेरच्या बाहेर पैसे देऊन मोकळा होईल. हे सरळ सरळ दबावतंत्र आहे.

लेबरकोर्टवाला
२४० दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर, आणि मस्टर तुमच्या कपाटात. दबाव कुणावर आहे ते बघा. शिवाय हरलो तर मला दमडी मिळणार नाही. खोटी केस मी घेईन कशाला?

पंचगंगाकाठ
मी युनियनमध्ये बरीच वर्षं काम केलंय, आणि माझा टक्केवारीला विरोध आहे. पण एचआर साहेबांच्या कारणासाठी नाही.

बडतर्फ माणसाला काय हवं असतं? नोकरी परत, सेवा अखंड. त्यावर पुढची ग्रॅच्युइटी अवलंबून, गावातली पत अवलंबून. त्यातले टक्के कसे काढणार? टक्के निघतात फक्त रोख रकमेचे. उद्या मॅनेजमेंटनं एकरकमी भरपाई पुढं केली, तर वकील 'घ्या आणि सोडा' म्हणणार, कारण त्याचा वाटा त्यात आहे. दीपाली सुरवसे खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बेकायदा बडतर्फी असेल तर मागील पगारासह पुनर्नियुक्ती हाच सर्वसाधारण नियम. टक्केवारीवाला वकील त्यासाठी कशाला थांबेल?

आणि फुकट वकील मिळत नाही असंही नाही. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे किती वकील पक्षकाराला सांगतात?

लेबरकोर्टवाला
ताई, सांगतो मी. पण त्या फुकट वकिलांच्या पॅनेलवर लेबरची उलटतपासणी जमणारे किती, ते तुम्हालाही माहीत आहे. एकरकमीचा मुद्दा मात्र खरा आहे. पुनर्नियुक्ती झाली तर टक्का फक्त मागील पगारावर, असं बंधन घालता येईल.

पंचगंगाकाठ
त्यानं काय होणार? केस जितकी लांबेल तितका मागील पगार फुगणार. वकिलाला घाई उरेल का? आज तारखेवर फी घेणारे ताणतात, उद्या टक्केवाले ताणतील.

भट्टीवाला
मी स्वतः काढलेला कामगार हाय. तुमी दोघं भांडा. माझ्या वकिलानं आधी थोडे घेतले, 'बाकीचं बघू' म्हणाला. त्यो आकडा कितीचा ते मला आजून ठाऊक न्हाई. टक्का कागदावर लिवलेला असता तर रात्री झोप तरी लागली असती की वो.

एचआर कागल
दादा, तुमची अडचण पटते. तुमच्या मॅनेजमेंटनं हायकोर्टात आव्हान दिलं तर औद्योगिक विवाद कायद्याचं जुनं कलम १७ब, नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेचं कलम ५६, लक्षात ठेवा. कामावर परत घ्यायच्या निवाड्यावर ते गेले आणि तुम्ही दुसरीकडं नोकरीला नसाल, तर तसं प्रतिज्ञापत्र द्या. शेवटचा पगार चालू ठेवावा लागतो. (मी हे सांगतोय म्हणून माझा मॅनेजर मला काढेल!)

लेबरकोर्टवाला
साहेब, काढलं तर या इकडंच. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची खेप वाचते. पण तुम्ही एचआर मॅनेजर असाल तर आधी 'कामगार' या व्याख्येत बसता का, त्यावरच भांडावं लागेल.

पंचगंगाकाठ
भट्टीवाले दादा, आजच वकिलाकडून ठरलेली फी आणि दिलेल्या पैशाची पावती लेखी मागा. त्याला कुठलाच नियम आडवा येत नाही. वकीलसाहेब, तुम्ही देता का लेखी?

लेबरकोर्टवाला
पावती देतो. एकूण फीचा आकडा आधी लिहून देत नाही. केस किती चालेल ते मलाच कळत नसतं.

पंचगंगाकाठ
मग टक्केवारीची मागणी नंतर करा. आधी आकडा लिहायला लागा.