व्यायामाला तुम्हाला उठवतं कोण? गोंयकारांनो, अनुभव लिहा

व्यायाम करायला हवा हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त निघालं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. तो आकडा आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवला आणि कूस बदलून झोपलो. म्हणून सल्ले नकोत. तुम्ही नेमाने करत असाल तर कशाच्या जोरावर, तेवढंच लिहा.

पणजी, मळा
मैत्रिणीच्या जोरावर! मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून आल्तिनोच्या टेकडीवर चक्कर मारायची असं ठरलंय. ती पहाटे खाली येऊन हाक मारत नाही, स्कूटरचा हॉर्न वाजवते. तिसऱ्या हॉर्नला वरच्या काकू खिडकी उघडतात आणि मग दिवसभर ऐकवतात. त्यापेक्षा उठलेलं परवडतं.

म्हापसा
ही मैत्रीण उसनी मिळेल का हो? माझं म्हणाल तर मुलाचं फुटबॉल. त्याचा सराव संपेपर्यंत मैदानाभोवती फेऱ्या मारते. सराव चुकवायला तो तयार नसतो, त्यामुळे माझ्याही फेऱ्या चुकत नाहीत.

मडगाव
मी निवृत्त, साखरवाला. 'एचबीए१सी' ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आधीचे चार दिवस गोड सोडून डॉक्टरांना गुंडाळता येत नाही. मुलीने घरी ग्लुकोमीटर आणून दिला, तिथून चक्रं फिरली. शीत-कडी जेवून लगेच आडवा झालो की दोन तासांनी एक आकडा येतो आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललो की दुसरा, बराच खालचा. दुपारच्या उन्हात रस्त्यावर कोण जाणार? बल्कांवापासून, म्हणजे पुढच्या ओसरीपासून, मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, पिंजऱ्यातला वाघ. म्हणू दे. दुपारची झोप मात्र सोडलेली नाही, ती येरझाऱ्यांनंतर. मीटरवर खालचा आकडा दिसला की परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं, खोटं कशाला सांगू.

जुने गोवे
नोकरी पणजीत. बसमधून रायबंदरला उतरतो आणि पोर्तुगिजांच्या सतराव्या शतकातल्या त्या लांबलचक बांधावरून चालत ऑफिस गाठतो. तीनेक किलोमीटर आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा परस्पर जमून जातो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, बगळे. इस्त्रीचा शर्ट पिशवीत. पावसाळ्यात बंद, गाड्या अंगावर चिखल उडवतात.

फोंडा
पावसाचं दुखणं आमचंही तेच. जून लागला की चालणं संपलं. मग घरातच सूर्यनमस्कार, सासूबाईंबरोबर. त्या मोजतात, मी घालते. मोजणी त्या मुद्दाम चुकवतात असा मला दाट संशय आहे.

डिचोली
मला व्यायाम आवडत नाही आणि आवडेल असंही वाटत नाही. पण फुगडी सोडवत नाही. चवथीला आमच्या वाड्यावरच्या बायका घरोघरी जातात. धाकटी जाऊ गिरकीवर गिरकी घेत असताना आपण भिंतीला टेकून धापा टाकायच्या, हे मला मान्य नाही. तेवढ्यासाठी वैशाखापासून रोज टेकडीवरच्या देवळापर्यंत चढते. यंदा गटात विशीतल्या दोन मुली आल्यात, म्हणून चैत्रातच सुरुवात केली. जावेला अजून कळलेलं नाही.