लागोसचा अकारा ब्राझीलला कोणी नेला?

लागोसकर: नोकरीनिमित्त नायजेरियातल्या लागोसला असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी चवळी भिजवून, सालं काढून वाटतात, कांदा-मिरची घालून पीठ हलकं होईपर्यंत फेटतात आणि अकारा तळतात. ब्राझीलच्या साल्वादोरमध्येही हेच वडे मिळतात म्हणे. तिकडे कसे पोचले?

वैशाली_पुणे: तुमच्या लागोसकडच्या योरुबा समाजातल्या बायकांमुळे, दादा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योरुबांचं ओयो साम्राज्य मोडलं, लढाया पेटल्या आणि पकडलेली हजारो माणसं बाहियात, म्हणजे साल्वादोर ज्या प्रांतात आहे तिथे, विकली गेली. तिथे गुलाम बायका रस्त्यावर खाणं विकायच्या. ठरलेली रक्कम मालकिणीच्या हातावर ठेवायची, वर उरेल ते साठवायचं. त्यातून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली! गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८८ मध्ये. वादळाची देवी ओया, तिकडची इयान्सां, हिला आजही याच वड्यांचा नैवेद्य असतो.

सोडे_प्रेमी: साल्वादोरला खाल्लाय. पाम तेलात तळल्यामुळे लालसर दिसतो, मधोमध चिरून आत चक्क सोडे भरतात. विकणाऱ्या बायका पांढऱ्या घेरदार पोशाखात, गळ्यात मण्यांच्या माळा. बाय द वे, आपली चवळीसुद्धा मूळची आफ्रिकेचीच.

लागोसकर: वैशालीताई, मनापासून आभार. १८३५ च्या साल्वादोरमधल्या मुस्लिम गुलामांच्या उठावानंतर बरेच मुक्त लोक इकडे परतले, हे माहीत होतं. लागोस बेटावर त्यांची ब्राझिलियन वस्ती अजून आहे. त्यांच्या स्वयंपाकाबद्दल कोणाला माहिती असेल तर जरूर लिहा.