तांब्याचा पट्टा पाहा आधी
भाऊ, आर्वीच्या भंगारवाल्यानं तुमाले जो ‘१९७१ च्या लढाईत उडालेला तोफगोळा’ म्हून दाखवला ना, त्याच्या बुडाजवळचा तांब्याचा पट्टा पाहा आधी. गोळा खरंच उडाला असन तं तोफेच्या नळीतल्या आट्यांच्या (आतल्या पिळदार कडांच्या) तिरप्या खाचा पट्ट्यावर उमटतेतच, गुळगुळीत असन तं उडालेलाच नाही, मंग तो सरावाचा डमी असन नाही तं लेथ मशीनवर बनवलेला नकली माल, नाही तं राजेहो, आत दारू भरलेलीच असन! ठोकून गिकून पाहू नोका. गंज सगळीकडून एकसारखा दिसला तं ॲसिड मारलं समजा. अन् ‘लष्कराच्या दारूगोळा डेपोतला ओरिजिनल आहे’ म्हणणाऱ्याजवळून तं घ्याच नोका, २०१८ ले पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करतानाच सहा जण गेले. शंका आली तं दूर सरका अन् पोलिसाले फोन लावा, हसते तं हसू द्या.