मदत हवी आहे: गोळीच्या ट्रॅजेक्टरीचं सिम्युलेशन जुळत नाहीये

मंडळी, फिजिक्सचा छंद म्हणून पायथॉनमध्ये गोळीच्या उड्डाणाचा छोटा प्रोग्राम लिहितोय. गोळी 9.5 ग्रॅम, वेग 840 मीटर प्रति सेकंद. हवा नाहीच असं धरलं तर 1000 मीटर जायला 1.19 सेकंद लागतात आणि तेवढ्यात गोळी साधारण 7 मीटर खाली येते, इथपर्यंत हातानं केलेलं गणित अगदी बरोबर जुळतं. पण हवेचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, घातला की घोडं पेंड खातंय. मी ड्रॅग कोइफिशंट (हवेचा विरोध किती ते ठरवणारा आकडा) सगळीकडे एकच धरलाय, आणि वेग 340 च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास आला की माझा ग्राफ आपला सरळ गुळगुळीत खाली जातो. खरं तर तिथेच ड्रॅग झपकन बदलायला पाहिजे ना? मग जी7 टेबलमधल्या (गोळीच्या वेगानुसार ड्रॅग कोइफिशंट देणारा ठरलेला तक्ता) दोन आकड्यांच्या मधली व्हॅल्यू साधं लिनिअर इंटरपोलेशन करून घेतली तर चालेल का, की तिथे टाइम स्टेप, म्हणजे दर किती वेळानं गणित करायचं ते, पण बारीक करावी लागते? आत्ता 0.01 सेकंद ठेवलीये.

दुसरं, हीच गोळी टांगलेल्या 4 किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून बसली तर मोमेंटमवरून ठोकळ्याचा वेग जेमतेम 2 मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे 3350 ज्यूलमधले फक्त 8 उरले!! बाकीची एनर्जी लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते हे कळतं, पण गोळी मध्यावर न लागता कडेला लागून ठोकळा फिरायला लागला तरी तो तेवढाच वर जाईल का? माझ्या मते जाईल, पण मित्र ऐकायलाच तयार नाही.