मदत हवी आहे: दुकानातल्या माणसांना लिनक्स झेपेल का?

नमस्कार मंडळी. आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. काउंटरवरच्या दोन्ही पीसींत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. भाचा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, फुकट आहे. नुसतं ब्राउझर आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) असतं तर कधीच टाकलं असतं. पण हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनलंय, जीएसटीच्या सहीला डिजिटल टोकन (यूएसबीला लावायचं) वापरतो, शिवाय जुनी पत्रं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरात.

वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टॅली रोज चालवणारं कुणी आहे का? टोकन, बिलाचा प्रिंटर नीट चालतात? आमचे दिवाणजी साठीचे. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा म्हटलं तर सरळ खातेवही काढून बसतील! की एका पीसीवर टॅलीपुरतं विंडोज १० ठेवून त्याचं इंटरनेट तोडावं?