उत्तर: ओ. व्ही. राईटचे सिंगल्स – चकाकीवर जाऊ नका

अमेरिकन सोल गायक ओ. व्ही. राईटच्या जुन्या रेकॉर्ड्स घेण्याबद्दलच्या वरच्या पोस्टमध्ये 'चकाकी असेल तर डोळे झाकून विकत घ्या' असं मत दिलंय. ते एलपीपुरतं (मोठ्या, बऱ्याच गाण्यांच्या रेकॉर्डपुरतं) ठीक आहे, पण साठच्या दशकातल्या अमेरिकन ४५ आरपीएम सिंगल्सना (बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड्सना) ते लावू नका. त्यातले बरेच नेहमीच्या व्हायनिल प्लॅस्टिकचे नाहीतच, स्टायरीनचे आहेत. हे प्लॅस्टिक वितळवून साच्यात भरायचे आणि मधलं कागदी लेबल बहुधा नंतर चिकटवायचे. झिजलेल्या सुईने अशी रेकॉर्ड दोन-चारदा वाजली की खाचा खरवडल्या जातात. वरून आरसा, आतून सतत खरखर! म्हणून मी विक्रेत्याकडे फोटोऐवजी आवाजाची क्लिप मागतो. तीही गाण्याच्या शेवटाची, कारण आतल्या खाचा आधी बोंबलतात.

वरच्या पोस्टमध्ये राईटची सुरुवात बॅक बीट या रेकॉर्ड कंपनीपासून धरलीये, तेही अपुरं आहे. त्याचं १९६४ चं 'दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज' हे गाणं मेम्फिसच्या गोल्डवॅक्स कंपनीतून निघालं. पण त्याचा गॉस्पेलचा (ख्रिस्ती भक्तिसंगीताचा) करार बॅक बीटचा मालक डॉन रोबी याच्याकडे होता, म्हणून पठ्ठ्याला रोबीच्या बॅक बीटवर जावं लागलं. गाणं गाजलं ते दुसरा सोल गायक ओटिस रेडिंग याच्या आवाजात. माझ्या मते गोल्डवॅक्सचीच प्रत आधी शोधावी, लेबलवर पेनाने नाव खरडलेली असली तरी चालेल.